दहात साडेनऊ, तरी नापास

कॉम्प्युटर कधी खोटं बोलत नाही, असं जो कुणी पहिल्यांदा म्हणाला त्यानं जन्मात कधी डेअरीला दूध घातलं नसणार. दूध घालणाऱ्या माणसाला एवढं कळतं, की खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं नाही. गप्प बसूनही ते काम होतं, आणि जास्त चांगलं होतं.

वडगाव रासाईच्या अलीकडं भीमेच्या काठाला एक वाडी आहे. तिथल्या दूध संस्थेत दोन हजार एक साली कॉम्प्युटर आला. आला म्हणजे चेअरमन खंडूआप्पांनी आणला. का आणला, तर पलीकडच्या गावच्या डेअरीत आला होता. आपल्याकडची बहुतेक प्रगती याच एका कारणानं झालेली आहे. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून त्याच्यापुढं नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं, आणि त्या दिवसापासून एफ हे अक्षर दोनदा हाणल्याशिवाय उमटेना. पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. देवाधर्माच्या कामात एखादं अक्षर जायचंच.

तो चालवायला शाकीर मुलाणीला ठेवलं. वय अठ्ठावीस, बी.कॉम. शेवटच्या वर्षाला सोडलेलं. दौंडच्या एका टायपिंगच्या दुकानात दोन वर्षं काढली, तिथं एका झेरॉक्स काढलेल्या पुस्तकावरून तो प्रोग्रॅम लिहायला शिकला. त्या झेरॉक्सला पहिली चाळीस आणि शेवटची पन्नास पानं नव्हती. त्यामुळं शाकीरला प्रोग्रॅमिंगचं फक्त मधलं यायचं. पण मधलं पक्कं यायचं. सुरुवात आणि शेवट माहीत असलेले आणि मधलं काहीच न येणारे लोक याच देशात मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेत, तेव्हा हसायचं काम नाही.

डेअरीचा प्रोग्रॅम त्यानं स्वतः लिहिला. दूध आलं की नमुना मशीनमध्ये जायचा, मशीनची वायर थेट कॉम्प्युटरला. चार आकडे यायचे: फॅट, डिग्री, एसएनएफ आणि तापमान. फॅट म्हणजे दुधातलं लोणी. डिग्री कमी आली की समजायचं पाणी घातलंय. एसएनएफ म्हणजे लोणी सोडून दुधातला बाकीचा घट्ट ऐवज; तो फार चढला की पावडर-बिवडर घातलीय. तापमान म्हणजे तापमानच. हे आकडे कुणाला दिसायचे नाहीत. तसा आप्पांचा हुकूम होता. "आकडा दिसला की माणूस वाद घालतो. चिठ्ठीवर पास न्हाई तर नापास. बास."

आता या चार आकड्यांची तपासणी एखाद्या अडाणी माणसानं चार वेळा लिहिली असती. शाकीरनं एकच फंक्शन लिहिलं आणि चौघांना त्याच दारातून काढलं. याचा त्याला फार अभिमान. बायकोला, शिरीनला, त्यानं हे तीनदा समजावून सांगितलं होतं. फंक्शन म्हणजे खिडकीमागं बसलेला कारकून. खिडकीतून आकडा आत सरकवायचा, कमीत कमी किती चालतो आणि जास्तीत जास्त किती, ते सांगायचं. बसला तर पास, नाही बसला तर नापास, चिठ्ठी छापून मोकळा. आकडा कुणाचा, बाहेर त्याला फॅट म्हणतात का तापमान, याच्याशी कारकुनाला कर्तव्य नाही. आत आलेल्या प्रत्येकाचं त्याच्या दप्तरी एकच नाव, एक्स.

"म्हंजी कचेरीतल्यासारखंच की," शिरीन म्हणाली. "मग यात तुम्ही नवीन काय केलं?"

शाकीरनं तिला चौथ्यांदा समजावलं नाही.

एका संध्याकाळी तानुबाईचं दूध नापास झालं. तानुबाई साठीच्या पुढची, एकटी, एका म्हशीची मालकीण. गोठा नदीला लागून. चिठ्ठी हातात घेऊन ती खिडकीशी उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण छोटी चिठ्ठी म्हणजे नापास हे वाडीतल्या सगळ्यांना पाठ झालं होतं.

"शाकीर, कशात?"

"कशात म्हणजे, मावशी?"

"माझा नातू नापास झाला तवा मास्तरनं सांगितलं, गणितात झाला. ही चिठ्ठी नुसतीच नापास म्हणती. कशात नापास?"

शाकीरनं चिठ्ठी घेऊन तिची मागची बाजूही बघितली. मागं रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मावशे, नदी लईच जवळ हाय की तुझ्या गोठ्याला." रांग हसली. सेक्रेटरी सतीशही हसला, त्यानं तर हसायलाच नको होतं.

संस्थेचा नियम असा, की तीन महिन्यांत पाच वेळा नापास झालं तर खातं बंद. खातं बंद झालं म्हणून तानुबाई उपाशी मरणार नव्हती, लेक पैसे पाठवत होता. पण तीस वर्षं तिनं त्या डेअरीला दूध घातलेलं. त्या वाडीत बाई कशी आहे हे तिच्या दुधावरून ठरतं, आणि एकदा का 'पाणी घालणारी' म्हणून नाव पडलं की ते तिरडीबरोबरच जातं. तिला एवढंच पाहिजे होतं, की आपल्या दुधात पाणी नाही हे ज्या मशीननं आळ घेतला त्याच मशीननं सांगावं. मागणी साधी होती. साध्या मागण्याच या देशात सगळ्यात अवघड जातात.

शाकीर प्रोग्रॅम उघडून बसला. फंक्शनच्या आत शिरला आणि तिथं त्याला एक्स भेटला. एक्स हा बाहेर कोण होता, हे आतून कसं विचारायचं? हा आकडा ज्या नावाच्या डब्यातून आला त्या डब्याचं नाव काय? पुस्तकाची मधली पानं त्यानं तीनदा चाळली. उत्तर शेवटच्या पन्नास पानांत असणार याची त्याची खात्री पटली. नसलेल्या पानांवर माणसाची श्रद्धा लवकर बसते.

तोवर त्यानं एक डागडुजी केली. नाव नाही तर नाही, निदान आकडा तरी छापू. आप्पांना सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तानुबाईची चिठ्ठी आली: नापास ९.६.

शाकीरनं वाचून दाखवली. तानुबाईनं ऐकून घेतलं आणि रांगेकडं वळून सांगितलं, "बघा रं. दहात साडेनवाच्या वर मार्क हायेत, आन् नापास करत्यात."

हे मार्क कशातले, ते शाकीरलाही सांगता येईना. कारण फॅट ९.६ असू शकतो आणि एसएनएफसुद्धा ९.६ असू शकतो. फॅटची मर्यादा नऊ, एसएनएफची साडेनऊ. दोन्हीकडं नापासच. मर्यादांचा कागद सतीशनं दिला होता. फॅट नऊच्या वर कुणाच्या म्हशीला असतो, त्याच्या वर गेलं म्हणजे मशीन बिघडलं समजायचं, असं त्यानं ठणकावून सांगितलं होतं, आणि शाकीरनं ते मुकाट्यानं प्रोग्रॅममध्ये भरलं होतं. पण हे त्याला त्या वेळी आठवलं नाही. माणसाला स्वतःची चूक सगळ्यात शेवटी आठवते.

सतीशनं मात्र चिठ्ठीवर नजर टाकली आणि निकाल दिला. "एसएनएफ हाय त्यो. मावशे, पावडर घालतीस व्हय?"

आठ दिवसांपूर्वी तानुबाई फक्त पाणी घालत होती. आता वाडीत अशी बातमी झाली, की ती पाणी घालते, मग पातळ दिसू नये म्हणून पावडर घालते. शाकीरच्या सुधारणेचा हा पहिला फायदा.

शिरीन संध्याकाळी म्हणाली, "मावशीच्या घरी गेले होते. परत आलेल्या दुधाचं तूप काढलंय. दीड वाटी. पाणी घातलेल्या दुधाला एवढं तूप सुटतं?"

"तुपाचा पुरावा चालत नाही. मशीनचा लागतो."

"मशीन कुणाचं?"

"संस्थेचं."

"आन् तूप कुणाचं?"

शाकीर जेवणावरून उठला.

मग सल्ले सुरू झाले. वाडीत कुणालाही प्रोग्रॅम म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यामुळं सल्ला द्यायला कुणालाच अडचण नव्हती. एकानं सांगितलं कॉम्प्युटरचं तोंड दक्षिणेला आहे ते फिरव. दुसऱ्यानं सांगितलं एफ अक्षर गेलंय ना, फॅटमधलं पहिलं अक्षर तेच, म्हणून नाव येत नाही. हा सल्ला ऐकून शाकीर क्षणभर खरंच थांबला. यावरून त्याची अवस्था ओळखावी.

दौंडला नेट कॅफे निघालं होतं. तासाला चाळीस रुपये देऊन त्यानं तिथल्या गुदमरलेल्या खोलीत बसून, जगभरचे प्रोग्रॅमर जिथं एकमेकांना विचारतात तिथं इंग्रजीत प्रश्न टाकला: फंक्शनच्या आत बसून, आलेल्या व्हेरिएबलचं, म्हणजे त्या डब्याचं, बाहेरचं नाव कसं ओळखायचं? पुढच्या खेपेला गेला तर तीन उत्तरं होती. पहिलं: पुस्तक वाचा. दुसरं: हे तुम्हाला कशासाठी हवं आहे? शाकीरनं खरं ते लिहिलं, एका म्हशीसाठी. त्यावर कुणी काही बोललं नाही. तिसऱ्यानं मात्र नीट लिहिलं होतं. प्रोग्रॅम एकदा तयार झाला की नावं पुसली जातात. यंत्राला नावांची गरज नसते. नावं फक्त माणसांच्या सोयीसाठी असतात.

हे वाचून शाकीर बराच वेळ त्या खुर्चीत बसून राहिला. कॅफेवाल्यानं त्या वेळेचेही दहा रुपये घेतले.

तिथूनच तो कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका सरांकडं गेला. सरांच्या भिंतीवर सात सर्टिफिकेटं होती आणि टेबलावर एकही कॉम्प्युटर चालू नव्हता. शाकीरचं सगळं ऐकण्याआधीच सरांनी हात वर केला.

"पॉइंटर. नाव सोड, पत्ता धर. आकडा पाठवू नकोस, आकडा मेमरीत जिथं राहतो तिथला पत्ता पाठव. पत्ता कळला की माणूस कळला."

"सर, पण पत्त्यावरून नाव—"

"पोस्टमनला विचार," सर म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले. सल्ल्याचे शंभर रुपये झाले. हसण्याचे वेगळे धरले नाहीत.

शाकीरनं पत्ता छापायची सोय केली. त्याचा हिशोब असा, की चारी डब्यांचे पत्ते एका कागदावर लिहून ठेवू, चिठ्ठीवर जो पत्ता येईल तो कागदाशी ताडून बघू. हिशोब बरोबर होता. फक्त कागद लिहायच्या आधी तानुबाईचं दूध नापास झालं. चिठ्ठी आली: नापास ६५५२४.

त्याच रात्री डेअरीत थांबून शाकीरनं पत्त्यांची यादी छापली. पण यादी छापण्यासाठी त्याला प्रोग्रॅममध्ये एक नवा डबा टाकावा लागला, आणि तो मध्ये शिरल्याबरोबर सगळी आळी दोन-दोन घरं सरकली. यादीत ६५५२२ होता, ६५५१८ होता. ६५५२४ वर आता कुणीच राहत नव्हतं. जुना प्रोग्रॅम त्याच फ्लॉपीवर होता, तो नव्यानं पुसला गेला होता.

इकडं वाडीत त्या आकड्याला पाय फुटले. गट नंबर म्हणावा तर वाडीत गटच नऊशेच्या आत. मटका खेळणाऱ्या दोघांनी त्यातले शेवटचे दोन आकडे लावले. एकाला लागला. तो दुसऱ्या दिवशी तानुबाईच्या दारात साखर घेऊन आला आणि पुढचं दूध कधी नापास होणार आहे ते विचारायला लागला. तानुबाईनं त्याला खराट्यानं वाट दाखवली आणि चिठ्ठी कमरेला खोचून थेट शिरूरला गेली. सरकारी आकडा दिसतोय, तर सरकारच सांगेल.

तिथल्या एका कचेरीत कारकुनानं चिठ्ठी बघितली. वर आकडा आहे म्हणजे तो जावक क्रमांक असणार, हे त्यानं ताबडतोब ओळखलं. तानुबाईला साधा अर्ज करायला सांगितला. अर्ज लिहिणाऱ्यानं वीस रुपये घेतले, तिकिटाचे पाच वेगळे. अर्जावर आवक शिक्का बसला. मग साहेब मीटिंगला, मग रजिस्टर सापडेना, मग सापडलं पण दुसऱ्या वर्षाचं. चार खेपा झाल्या. तीन आठवड्यांनी पोस्टानं पत्र आलं. आपण नमूद केलेला क्रमांक ६५५२४ या कार्यालयाच्या जावक नोंदवहीत आढळून येत नाही, सबब आपल्या म्हशीसंबंधी या कार्यालयाकडून कोणताही आदेश निर्गमित झालेला नाही, तरी प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

तानुबाई ते पत्र शाकीरकडून वाचून घेत ओसरीवर बसली होती. वाचून झाल्यावर शाकीर मान खाली घालून म्हणाला, "मावशी, चूक माझी आहे. तो आकडा सरकारी नव्हता. मी घातला होता. पत्ता आहे तो. नाव मिळालं नाही म्हणून पत्ता छापला."

"नाव का मिळना?"

"आत गेल्यावर त्याचं नाव राहत नाही. आत सगळ्यांना एकच नाव."

तानुबाई हसली नाही. तुपाच्या भांड्यावरची माशी हाकलत म्हणाली, "मग त्यात काय नवल. माझं नाव ठावं हाय का तुला?"

"तानुबाई."

"हे हितलं. माहेरी मला नकुशी म्हनायचे. चौथी पोरगी, नकोशी, म्हून नकुशी. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरून नवऱ्याच्या मामानं नवं नाव सांगितलं. उंबऱ्याच्या आत आले ती तानुबाईच. ह्या घराला इचार, दाराला इचार, नकुशी कोन म्हून. कुनी सांगल का? आतल्यांना बाहेरचं नाव कळत न्हाई, बाबा. न्हाईच कळत."

"मग कळवायचं कसं?"

"माज्या आईनं पाठवतानाच सोबतच्या बाईजवळ सांगून धाडलं असतं, हिचं नाव नकुशी, ऱ्हाऊ द्या तेवढंच, तर कळलं असतं. पाठवणाऱ्याला म्हाईत असतंय की. पाठवणाऱ्यानंच सांगावं. आत गेलेलीनं काय सांगायचं, आन् सांगितलं तर ऐकतंय कोन."

शाकीर उठून उभा राहिला. दोन महिने, दौंडच्या सहा खेपा, सरांचे शंभर रुपये, आणि उत्तर एवढं. आकडा आत पाठवतानाच त्याच्यासोबत नावही पाठवायचं. फॅट पाठवताना 'फॅट' असा शब्द जोडून द्यायचा. कुठल्याही पोरानं पहिल्या दिवशी हेच केलं असतं. शाकीरच्याही डोक्यात पहिल्या दिवशी हे आलं होतं, पण चार ठिकाणी चार नावं हातानं लिहायची म्हणजे फंक्शनची शोभा गेली, म्हणून त्यानं ते झटकलं होतं. शोभेपायी माणूस काय काय करतो याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

त्यानं चार ओळी बदलल्या आणि कारकुनाला कमी का जास्त तेही छापायला लावलं. दहा मिनिटं लागली, त्यातली सहा एफ अक्षराला.

त्या संध्याकाळी रांग नेहमीपेक्षा लांब होती. तानुबाईचं दूध गेलं, प्रिंटर कुरकुरला. शाकीरनं चिठ्ठी फाडली आणि मुद्दाम मोठ्यानं वाचली. "नापास. फॅट. जास्त."

फॅट जास्त म्हणजे काय हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. तानुबाईची म्हैस आटत आली होती, दूध थोडं पण दाट. संध्याकाळचं तर जास्तच. वाडीतलं सगळ्यात कसदार दूध नदीच्या पाण्याच्या नावाखाली परत जात होतं. पहिल्या दिवशी नदीवरून बोललेला माणूस आपल्या किटलीचं झाकण घट्ट आहे का ते बघायला लागला.

तानुबाईनं पदर सारखा केला. "वाच की पुन्ना एकदा."

शाकीरनं पुन्हा वाचली. दोन महिन्यांत त्याला पहिल्यांदा बरं वाटलं. त्यानं हात लांब करून पुढची किटली घेतली.

पुढची किटली खाते क्रमांक एकची होती. खंडूआप्पांच्या गोठ्यावरचं दूध, आणणारा त्यांचा गडी भैरू. या खात्याचं दूध पूर्वीही अधूनमधून नापास व्हायचं, पण तेव्हा सतीश लगेच म्हणायचा, वायर हलली, आणि हातानं पास लिहायचा. वायर फक्त एक नंबरच्या खात्यालाच का हलते, हे कुणी विचारलं नव्हतं. चिठ्ठी गप्प होती तोवर रांगही गप्प होती.

प्रिंटर कुरकुरला. सतीश खुर्चीतून उठायच्या आत भैरूनंच चिठ्ठी ओढली आणि शाळेत नुकतंच वाचायला शिकल्यासारखी एकेक अक्षर लावून वाचली. "ना-पास. डि-ग्री. क-मी." वाचून झाल्यावर त्यानं वर बघितलं. "म्हंजी पानी ना ओ, सेक्रेटरी?"

सतीशनं त्याच्या हातातनं चिठ्ठी घेतली, चुरगाळली आणि खिशात घातली. पण वाचलेलं खिशात घालता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संचालक मंडळाची बैठक लागली. आप्पा रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"शाकीर, तू हुशार हायेस," आप्पा म्हणाले. "पर चिठ्ठीला एवढं बोलायची गरज काय?"

"आप्पा, सभासदाला कारण कळायला नको?"

"कारण कळलं की माणूस इचार करतो. इचार केला की रांग थांबती. रांग थांबली की दूध नासतं." आप्पांनी पानाचा विडा गालाच्या दुसऱ्या बाजूला सरकवला. "संस्थेचं नुकसान न्हाई का?"

एक संचालक खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मुलाण्याच्या हातात कॉम्प्युटर दिला तवाच म्या म्हनलं व्हतं." काय म्हणलं होतं ते त्यानं सांगितलं नाही. तसं सांगायची गरजही नसते.

शाकीर म्हणाला, "फॅटची मर्यादा नवाची बारा करा. मावशीचं दूध आजपासून पास होईल. चुकीची मर्यादा मीच भरली होती."

"मर्यादा ठरावानं बदलती," सतीश म्हणाला. "ठराव वार्षिक सभेत. वार्षिक सभा सप्टेंबरात."

मार्च चालू होता. त्याच बैठकीत मात्र एक ठराव झाला. खाते क्रमांक एकचं दूध हे संस्थेचं नमुना दूध समजावं, इतरांचं दूध त्यावरून ताडलं जातं, सबब नमुन्याची तपासणी करण्याचं कारण नाही. सर्वानुमते मंजूर. शाकीरला चिठ्ठीवरचं कारण काढून टाकायला सांगितलं. त्यानं नाही म्हटलं. त्यानं आयुष्यात फार थोड्या ठिकाणी नाही म्हटलं होतं, त्यामुळं आवाज बरोबर लागला नाही, जरा चिरकला. पण नाहीच म्हटलं. तेव्हा आप्पांनी त्याला चहा पाजला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

घरी शिरीननं विचारलं, "नोकरी गई?"

"गई."

"और नाव? तुमकू नाव मिला ना?"

"मिळालं."

"बस हुआ फिर," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. ती चिडली होती का नाही, हे शाकीरला त्या दिवशी कळलं नाही, आणि नंतर विचारायचं धाडस झालं नाही.

आप्पांनी दौंडहून सात सर्टिफिकेटवाल्या सरांना जीप पाठवून आणवलं. सर दिवसभर प्रोग्रॅमसमोर बसले, दोनदा जेवले. लोकांची ओरड होती की चिठ्ठीवर नाव पाहिजे. आप्पा म्हणाले, लोकांना नाव पाहिजे ना, मग द्या नाव, संस्था लोकांचीच हाय. कुठलं नाव द्यायचं तेवढं त्यांनी सरांच्या कानात सांगितलं.

तानुबाईच्या चार चिठ्ठ्या झाल्या होत्या. फॅट जास्तवालीसुद्धा नापासातच धरली गेली. कारण काहीही असो, नापास ते नापास, असं सतीश म्हणाला. पाचवी झाली की खातं बंद. पण सतीश अगदीच वाईट माणूस नव्हता. संध्याकाळी तो तिच्या गोठ्यात आला, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "मावशे, आयक. किटलीत तांब्याभर पाणी घाल. फॅट नवाच्या खाली येतंय, डिग्री बी बसती. पास होशील."

तानुबाई धार काढत होती. ती थांबली नाही. "म्हंजी पानी घालत न्हाई हे दाखवायला पानी घालू?"

"व्यवहार बघ मावशे. सगळेच घालत्यात."

"त्ये कळलं," तानुबाई म्हणाली. "सगळ्यांचं पास का व्हतंय ते आत्ता कळलं."

शाकीरनंही तिला सांगून बघितलं, की संध्याकाळचं दूध नेऊच नका, घरी तूप करा, सप्टेंबरपर्यंत कळ काढा. ती म्हणाली, "का? चोरी केली का म्या? माज्या पायानं जाईन, माजं दूध घेऊन जाईन."

आणि गेली. शाकीर सोबत गेला, आता खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं. आत त्याच्या खुर्चीवर सतीश बसला होता. दूध ओतलं गेलं, नमुना मशीनमध्ये गेला, प्रिंटर कुरकुरला. सतीशनं चिठ्ठी फाडून खिडकीतून सरकवली आणि तिच्याकडं न बघता पुढची किटली मागितली. तानुबाईनं चिठ्ठी शाकीरकडं दिली.

"वाच."

शाकीरनं वाचली. मग त्यानं ती पुन्हा वाचली, मनात. छापलेलं वाचताना खोटं वाचावं, असं त्याला त्या क्षणी पहिल्यांदाच वाटलं. तिला अक्षर येत नव्हतं, त्यानं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"नापास," तो म्हणाला.

"त्ये ठावं हाय. कशात?"

"तानुबाई."

"व्हय, हितंच हाय की म्या. वाच म्होरं."

"म्होरं काही नाही, मावशी. चिठ्ठीवरच लिहिलंय. जिथं फॅट जास्त लिहिलं होतं ना, तिथं. नापास, तानुबाई. एवढंच."

रांगेतले लोक नदीकडं बघत होते. नदीत तेव्हा पाणीही फारसं नव्हतं.

तानुबाईनं चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली, नीट घडी घातली आणि कमरेला खोचली. परत मिळालेली किटली उचलली, झाकण दाबून बसवलं.

"चला," ती म्हणाली, "म्हशीवरचा आळ तरी गेला."